घरातली जुनी वाढायची भांडी: तुमच्याकडे आज काय वापरात आहे?

दिवाळीच्या आधी माळ्यावरची पितळेची, काशाची भांडी खाली उतरतात, चिंच लावून घासली जातात आणि बहुतेक घरी पुन्हा वर जातात. मला ऐकायचंय ते वर न गेलेल्या भांड्यांबद्दल. वरणाचा गंज म्हणजे उभं पातेलं, कढीचं पसरट तसराळं, काशाचे वाटके, तामचिनीचे म्हणजे लोखंडावर काचेसारखा लेप दिलेले वाडगे, जे काही तुम्ही आजही पंगतीत नेता ते. कुठून आलं, त्यात काय वाढता, कल्हई कोण करून देतं, सगळं तपशिलात लिहा. सुरुवात मी करते.

आर्वी, जि. वर्धा

आमच्याकडे सासूबाईंच्या आंदणातले काशाचे वाटके आहेत. कासं म्हणजे तांबं आणि कथील, साधारण 78 ला 22 या प्रमाणात. सासूबाई बाजारात वाटका पाच बोटांच्या टोकांवर तोलायच्या आणि नखानं टिचकी मारायच्या. आवाज लांबत गेला तर घ्यायचा, बसका आला तर कुठेतरी तडा आहे असं समजायचं. पितळ पडलं तर पोचा येतो आणि तो काढता येतो. कासं पडलं की फुटतं. तरी मी लेकरांना दूधपोळी याच वाटक्यात देते, खाली मांडी घालून बसले की. पोळ्याला पुरणपोळीवरचं तूपही यातच. आंबट मात्र काही ठेवत नाही.

दर्यापूर, जि. अमरावती

ताई, कल्हईचं विचारलंत म्हणून लिहितो. आमच्या आठवडी बाजारात एक म्हातारे काकाजी अजून येतात. जमिनीत खड्डा करून भट्टी, बाजूला हातानं फिरवायचा पंखा. आधी भांडं आतून पार स्वच्छ करतात, काळा ठिपकासुद्धा राहू देत नाहीत. मग भट्टीवर धरून फिरवत तापवतात. कथील 232 अंशांना वितळतं, पण काकाजींजवळ मोजायचं यंत्र नाही. ते कथलाची कांडी भांड्याच्या आत टेकवून बघतात. ओढली गेली की वेळ झाली. लगेच नवसागराची चिमूट टाकतात, पांढरा धूर उठतो, डोळे चुरचुरतात, आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील कडेपासून बुडापर्यंत एका दमात फिरवतात. बघता बघता पिवळं भांडं आतून चांदीसारखं होतं. मग पाण्यात, चर्र.

नवसागर कशाला, असं मी एकदा विचारलं. तापल्यावर धातूवर जो थर चढतो तो नवसागर काढतो, नाहीतर कथील धरतच नाही. आणि कल्हई कशाला, तर बिनकल्हईच्या पितळेत ताक, कढी, चिंचेचं सार कळकतं. चव तर जातेच, पोटालाही बाधतं. एक सांगतो, कथील चोख आहे ना हे विचारून घ्या. स्वस्त पडावं म्हणून त्यात शिसं मिसळलेलं असू शकतं, आणि ते आपल्या अन्नात जातं. काकाजी चार पैसे जास्त घेतात, ते मी खुशीनं देतो.

मूर्तिजापूर, जि. अकोला

माह्या आजीचा पितळी गंज हाये. वावर ईकलं तवा मामानं घरातली सारी भांडी मोडीत काहाडली. गंज काट्यावर चढला होता. माय उठली अन् तिनं तो उतरवून घेतला. म्हने, "याचे पैसे मी देतो, पन हा घरातून जानार नाई." आता तो माह्याकडं हाये. काठाले टिपक्या टिपक्यानं नाव कोरलं हाये, आजीच्या बापाचं. आमच्याकडं रोडगे असले का वरन त्यातच. बादलीतलं वरन लवकर थंड होते, गंजातलं पंगत उठेपर्यंत ऊन राह्यते.

भंडारा जिल्हा

आमचं घर पितळेच्या कामातलं. भंडाऱ्याला ब्रास सिटी म्हणतात ते या कामामुळेच. वडील ठोक्याचं काम करत, मी दुकान सांभाळतो. रोज कोणीतरी विचारतं की भांडं जुनं कसं ओळखायचं. पहिले ठोके बघा. हातानं घडवलेल्या भांड्यावर हातोडीच्या खुणा रांगेनं असतात, पण त्या मोजून मापून बसवलेल्या वाटत नाहीत. यंत्रावर फिरवून ओढलेल्या भांड्याच्या बुडाला गोल गोल रेघा दिसतात. जुन्या मोठ्या गंजाला अंगावर आणि बुडाजवळ सांधा असतो, दातात दात बसवलेला. तो आतून बोटानं चाचपा. पाझरत असेल तर कल्हईआधी सांधा दुरुस्त करून घ्या. कल्हई भोक बुजवत नाही.

आणखी एक. लोक "जर्मनचा" वाडगा घेऊन येतात आणि फार जुना म्हणून सांगतात. आपण जर्मन म्हणतो ते बहुतेक वेळा ॲल्युमिनियम असतं. खरं जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. ते हाताला जड लागतं.

वरोरा, जि. चंद्रपूर

आमच्याकडे तामचिनीचे निळ्या काठाचे वाडगे आहेत. आतून टवका उडालेले मी शेंगदाणे, पोहे ठेवायला घेते. त्यांत रस्सा वाढत नाही. जुन्या रंगात आणि लुकणात, म्हणजे वरच्या चकचकीत लेपात, शिसं असू शकतं, आंबट-तिखटात ते उतरतं. दिसायला कितीही गोड असले तरी.

पांढरकवडा, जि. यवतमाळ

मी गोळा करणारा आहे. आठवडी बाजारात भंगारवाल्याच्या ढिगाऱ्यात बसून शोधतो. किलोच्या भावानं जाणारं काशाचं भांडं हाती लागलं की मी घासाघीस करत नाही. आपल्या भागात ही आवड नवी नाही. नागपूरजवळच्या माहुरझरीला लोहयुगातल्या शिळावर्तुळांच्या, म्हणजे भोवती गोलात दगड रचलेल्या दफनांच्या, उत्खननात तांब्याची झाकणं निघाली, काहींच्या टोकाला पक्षी घडवलेला. भांड्यावर पाखरू बसवावंसं वाटणारा माणूस इथलाच.

ज्यांच्याकडे फार जुनं आहे त्यांनी 1972 चा पुरावस्तू कायदा लक्षात ठेवावा. 100 वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू त्यात येऊ शकते, ती परदेशी पाठवता येत नाही. लेकीकडे अमेरिकेत पाठवायचा विचार असेल तर आधी नीट विचारून घ्या.

माझी एक विनंती आहे. कोरीव नाव असलेलं भांडं दगडानं, विटकरीनं घासू नका. अक्षरं झिजतात. माझ्याकडच्या एका तसराळ्यावर मोडी लिपीतली ओळ आहे, ती मी नुसत्या पाण्यानं धुऊन कोरडी करून ठेवतो. त्यात जेवण वाढत नाही.

आर्वी

भाऊ, अक्षरांचं पटलं. पण जेवण न वाढण्याचं मला पटत नाही. मोडीची ओळ बाहेरच्या अंगाला असेल तर आतून कल्हई करून दह्याची कोशिंबीर का वाढू नये? वर्षात एकदा महालक्ष्म्यांना तरी. ज्यानं ते करवून घेतलं त्यानं घरच्यांना वाढायलाच करवून घेतलं ना.

पांढरकवडा

ओळ बाहेरूनच आहे. पण भट्टीवर बाहेरचं अंगही तापतं, काळवंडतं, मग घासावं लागतं. त्यापेक्षा त्यात पळसाच्या पानाचा द्रोण बसवून वाढीन. एवढं तुमचं ऐकतो.

हिंगणघाट, जि. वर्धा

आमच्या गावात मारुतीच्या देवळाची भांडी आहेत, लग्नकार्याला कोणीही न्यावी, मोजून आणावी. मोठाले गंज, पराती, वाढायच्या पितळी बादल्या. आता केटरर येतो, त्यामुळे ती खोलीतच असतात. कल्हई पार उडाली आहे. यंदा हनुमान जयंतीचा भंडारा त्याच भांड्यांत करायचं आम्ही बायकांनी ठरवलं आहे, पण इकडे कल्हईवाला कोणी उरला नाही. दर्यापूरचे काकाजी एवढ्या लांब येतील का?

दर्यापूर

वहिनी, विचारून सांगतो. दोन-चार भांड्यांसाठी येणार नाहीत, भट्टीचा कोळसाही सुटत नाही. आजूबाजूच्या दोन-तीन गावांतली भांडी एका जागी गोळा करा, किती आणि केवढी ते मला कळवा. भंडाऱ्याच्या दादांनी सांगितलं तसे सांधे चाचपा, आणि पाझरतात का हे पाणी भरून रात्रभर ठेवून आधीच बघा.