जुनी स्पिटफायर भंगारात द्यायच्या आधी काय काय काढून ठेवू?

बडोद्याचा_पोऱ्या: दांडिया बाजारात आमच्या वाड्यात आजोबांची 1968 ची ट्रायम्फ स्पिटफायर (दोन सीटची ब्रिटिश स्पोर्ट्स कार) पडून आहे, फ्लोअर सडलाय, खालची जमीन दिसते, भंगारवाला वजनावर मागतोय. काय ठेवू?

पाना_नं_12: आधी दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारे) मॅनिफोल्डसकट, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या नळीसकट काढ, मग मीटर, स्टिअरिंग, काचेची फ्रेम, हूडचा म्हणजे कापडी टपाचा सांगाडा. नट गंजलेत तर आदल्या रात्री तेल मारून ठेव नाहीतर स्टड तुटतो. आणि पुढचं सस्पेन्शनही काढून घे, ते मुळात ट्रायम्फच्याच हेराल्ड गाडीचं, मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनायची ना, त्यांचे मालक असलं शोधतच असतात. स्प्रिंग कंप्रेसर (स्प्रिंग दाबून धरायचं अवजार) नसेल तर अख्खं युनिट उतरव, स्प्रिंग सुटली तर थोबाड फुटेल.

रावपुऱ्याचे_काका: अरे थांब की! पन्नास वर्षांवरची गाडी 2021 च्या नियमाने व्हिंटेज म्हणून रजिस्टर होते, नंबरात व्हीए येतं. फक्त बॉडी, चेसी (खालचा सांगाडा), इंजिनात मोठे फेरफार नकोत. आणि द्यायचीच तर सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला दे, सर्टिफिकेट घे, आरसी रद्द कर, गल्लीतल्या भंगारवाल्याकडे दिलीस तर गाडी कागदावर तुझ्याच नावावर.

बडोद्याचा_पोऱ्या: आरसी आजोबांच्या नावावर आहे काका 😅 रविवारी वेल्डरला चेसी दाखवतो, कार्ब्युरेटर तोवर राहू दे जागेवर.

पाना_नं_12: चेसी गेली असेल तर बॉनेट मला सांग.