लॉक बदलण्याआधी हे करून बघा
दादा, गाडीचं बॉनेट लिव्हर दोनदा ओढल्याशिवाय उघडत नाही आणि डावीकडे खाली बसतं, म्हणून मेकॅनिक नवीन लॉक टाका म्हणतोय ना? थांबा. आपल्या सोलापूरच्या उन्हाधुळीत लॉकमधलं ग्रीस वाळून घट्ट होतं. माझ्या गाडीचंही तेच झालं होतं. जुन्या ब्रशने डिझेल लावून लॉक घासा, पुसा, नवं ग्रीस भरा. केबलमध्ये आणि बिजागऱ्यांत पातळ तेल सोडा.

पुढच्या कोपऱ्यातले रबरी बफर, म्हणजे ज्यांवर बॉनेट टेकतं ते गुटके, फिरवून वर-खाली होतात. डावा अर्धा-अर्धा आटा वर घ्या. तरी डावी बाजू खालीच राहिली, तर बिजागरीचे बोल्ट सैल करण्याआधी कडेने पेन्सिलची खूण करा, नाहीतर मूळ जागा सापडत नाही.

आणि सेफ्टी कॅच, म्हणजे लॉक सुटलं तरी बॉनेट धरून ठेवणारा दुसरा हूक, नीट अडकतो का, हे पुणे हायवेला लागण्याआधी नक्की बघा. वेगात बॉनेट उडालं तर काचेवर आदळतं, समोरचं काहीच दिसत नाही.