मदत हवी आहे: डच ओव्हनला लोणारी कोळसा किती लावायचा?

माझ्याकडे १२ इंची, तीन पायांचा बीडाचा डच ओव्हन (निखाऱ्यांवर ठेवायचं जाड झाकणाचं भांडं) आहे. झाकणाला उभी कड असल्यामुळे वर निखारे ठेवता येतात. भंडारदऱ्याला तंबूत राहून त्यात कोबीचं भानोलं (कोबी-बेसनाचा भाजून करायचा पदार्थ) करायचंय. रस्सा, पुलाव छान होतो, अडतंय ते भाजण्यापाशी.

तक्त्यांमध्ये १८० अंश सेल्सिअससाठी साधारण २५ ब्रिकेट (कोळशाच्या भुकटीच्या एकसारख्या आकाराच्या वड्या) सांगतात: १७ झाकणावर, ८ खाली. पण मला मिळतो लोणारी कोळसा. एक तुकडा मुठीएवढा, दुसरा सुपारीएवढा, मग मोजायचं काय? शिवाय तो सुरुवातीला भडकून तापतो आणि लवकर राख होतो. तळ करपतो, वरचा थर पांढराच राहतो, सुरी घातली की ओली निघते.

खालचे निखारे कडेने गोल मांडून पाहिले, आत जाळी ठेवून तिच्यावर भांडं ठेवलं, दर पंधरा मिनिटांनी ओव्हन आणि झाकण उलटसुलट दिशांना पाव फेरा फिरवलं. थोडाच फरक पडला. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा असतो. ब्रिकेट मागवा असं कृपया सुचवू नका, गॅसही नको.

लोणारी कोळशावर प्रत्यक्ष भाजणाऱ्यांनी सांगा: वर-खाली कोळसा वजनाने किती घेता, आणि झाकणावर नवे निखारे किती मिनिटांनी घालता?