पाणी भरलेल्या खाचरात लोहाचे काय होते?

प्रश्न
भातखाचरात पाणी भरून काही आठवडे झाले की मातीचा वरचा पातळ थर तांबूस राहतो, त्याखालची माती मात्र निळसर करडी होते. तरीही त्याच करड्या मातीतून उपटलेल्या रोपाच्या मुळांवर नारिंगी लेप असतो. बाहेरून लोह आलेले नसताना हे कसे घडते, आणि हा लेप पिकाला अपायकारक असतो का?

उत्तर १
पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे मातीत उरलेला ऑक्सिजन जिवाणू लवकरच संपवतात. पुढे सेंद्रिय पदार्थ कुजवताना निघणारे इलेक्ट्रॉन ते आधी नायट्रेटला, मग मँगनीजला आणि त्यानंतर फेरिक लोहाला (लोहाच्या गंजासारख्या, ऑक्सिजनशी जोडलेल्या रूपाला) देतात. तांबूस फेरिक ऑक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, इलेक्ट्रॉन मिळून त्यापासून झालेले फेरस लोह मात्र विरघळते. म्हणजे लोह वाढलेले नसते, ते फिरते झालेले असते. या क्रियेत हायड्रोजन आयन खर्च होतात, म्हणून आम्ल मातीचा सामू (pH) ६.५ ते ७ च्या आसपास चढतो, आणि ऑक्साइडांनी धरून ठेवलेला स्फुरदही (फॉस्फरस) पिकासाठी मोकळा होतो. वरच्या थराला पाण्यातला ऑक्सिजन मिळत राहतो, म्हणून तो तांबूसच राहतो.

उत्तर २
मुळांविषयी लिहितो. भाताच्या खोडात व मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. त्यांतून खाली आलेला ऑक्सिजन मुळाबाहेर झिरपतो आणि तिथवर पोहोचलेले फेरस लोह पुन्हा फेरिक होऊन मुळावरच बसते. हा लेप म्हणजे रोपाचे संरक्षण आहे, कारण तेवढे लोह आत शिरत नाही आणि आर्सेनिकचाही काही भाग लेपातच अडकतो. काळजी करावी ती जुन्या पानांवर टोकाकडून तपकिरी ठिपके पसरू लागले तर, कारण ते लोहाच्या विषबाधेचे लक्षण असू शकते. अतिआम्ल, निचरा नसलेल्या आणि पालाश (पोटॅशियम) कमी असलेल्या जमिनीत हा धोका अधिक असतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग मधूनच पाणी काढले तर?

उत्तर १
हवा शिरताच फेरस लोहाचे पुन्हा फेरिक होते, सामू उतरतो आणि स्फुरद परत बांधला जातो. मात्र असे ताजे, अस्फटिक ऑक्साइड पुन्हा पाणी भरल्यावर जिवाणूंना सहज वापरता येते, आणि ते वापरात असेपर्यंत मिथेनची निर्मितीही बरीच रोखली जाते.