थंडीत विमानाच्या रोटॅक्स ९१२ इंजिनचं ऑइल तापत नाही, ऑइल कूलर झाकू का?

मुरमाची पट्टी (वरुड)
नमस्कार मंडळी. संत्र्याच्या बागेमागं मुरूम टाकून पट्टी केली आहे. घरी बांधलेलं दोन सीटचं विमान दिवाळीपासून तिथं पळवून राहिलो. उडवायची परवानगी यायची आहे, म्हणून चाकं जमिनीवरच. इंजिन रोटॅक्स ९१२, १०० हॉर्सपॉवरचं.

सकाळी सातला पारा ९-१० वर असतो. आधी २००० आरपीएमवर दोन मिनिटं, मग २५०० वर ठेवतो. वीस मिनिटं झाली तरी ऑइलचा काटा ४५ वरच. ५० झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही, म्हणून बसून राहतो. सिलिंडर हेडचं तापमान मात्र आरामात ८०. भर दुपारी ऑइल कसंबसं ५८ दाखवतं. वरून, टाकीच्या झाकणाला आतून ताकासारखा लेप! बाबा म्हणतात, "पाणी शिरलं इंजिनात, गेले तुये पैसे."

कूलरवर ॲल्युमिनियम टेप मारून अर्धा झाकू का?

ट्रॅक्टरवाला अकोट
काहून विचारत बसला भाऊ, झाक ना! आम्ही थंडीत जुन्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरपुढं पोतं बांधतो. विमानातलं मले काही समजत नाही, पण गरमी ते गरमीच.

जुना मेकॅनिक, नागपूर
पोतं राहू द्या जरा. दुपारीही ५८ म्हणजे मला संशय काट्याचा येतो. या इंजिनात तेल टाकीतून कूलरमध्ये आणि तिथून पंपात जातं. सेन्सर पंपापाशी, म्हणजे तो सगळ्यात थंड तेल मोजतो. तोही कमी सांगत असेल आणि तुम्ही कूलर झाकला, तर तेल खरं किती तापलं ते कळायचंच नाही.

सेन्सर काढून उकळत्या पाण्यात धरा. बॉडीला वेगळी वायर लावून बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा. ९८ च्या आसपास दाखवलं तर सेन्सर-मीटर ठीक, घोळ अर्थिंगचा, म्हणजे सेन्सरची बॉडी इंजिनातून बॅटरीच्या निगेटिव्हला नीट लागत नाही.

लेपाचं म्हणाल, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी उतरते का बघा. उतरत नसेल तर ती आतली वाफ. थंड तेलात तिचं पाणी होतं. तेल दिवसातून एकदा १०० ला गेलं की उडून जातं.

मुरमाची पट्टी (वरुड)
आईच्या चहाच्या गंजात सेन्सर उकळला (शिव्या खाल्ल्या, गंज नवा घ्यावा लागला). काटा ९७! परत बसवून बॉडी ते निगेटिव्ह मोजलं. शून्याजवळ यायला हवं, तर आले साठेक ओहम. सेन्सर गळू नये म्हणून मीच आट्यांवर टेफ्लॉन टेपचे चार वेढे मारले होते. तीच अर्थिंगच्या आड येत होती. टेप खरवडून काढली, नवा वॉशर टाकला. आज सकाळी अठराव्या मिनिटाला ५० पार, दुपारी ७४. कूलंट जिथल्या तिथं. लेप पुसला तरी परत येऊन राहिला, आणि बाबा रोज झाकण उघडून पाहून राहिले.

जुना मेकॅनिक, नागपूर
येणारच, ७४ ला वाफ कुठली उडते? रोज थोडा-थोडा वेळ फिरवणं बंद करा. आठवड्यातून एकदाच, पण लांब चालवा. आता काटा खरं बोलतोय, तर कूलरवर चार बोटं टेप लावून बघा. दुपारी आठवणीनं काढा मात्र.

ट्रॅक्टरवाला अकोट
म्हणजे पोतंच की!