शरद ऋतूतले चार शनिवार आणि भयकथा: काय वाचावे, कसे वाचावे?

सुपारीफूल

नमस्कार मंडळी,

बोस्टनच्या उत्तरेला राहणारी आम्ही पाच मराठी कुटुंबे अधूनमधून एकमेकांच्या घरी जमतो आणि मोठ्याने वाचन करतो. सप्टेंबर सरत आला की इथली झाडे तांबडी-पिवळी होऊ लागतात, दिवस झपाट्याने लहान होतो आणि गावच्या ग्रंथालयात दारासमोरच्याच टेबलावर पछाडलेल्या घरांची, खुनांची, गूढ प्रवासांची पुस्तके मांडली जातात. यंदा आम्हीही सर्वपित्री अमावास्येनंतरच्या शनिवारपासून दिवाळीपर्यंत चार बैठका केवळ भयकथांना आणि रहस्यकथांना द्यायचे ठरवले आहे. निम्मे वाचन मराठी आणि निम्मे इंग्रजी असावे, अशी सगळ्यांची इच्छा आहे.

गेल्या वर्षीचा आमचा प्रयत्न फसला. एक जाडजूड कादंबरी निवडली, प्रत्येकाने ती घरी वाचली आणि जमलो तेव्हा शेवट सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे बोलण्यासारखे फारसे उरले नाही. त्यामुळे पुस्तकांच्या नावांबरोबरच ती दहा माणसांत वाचताना ताण कसा टिकवावा, हेही मला विचारायचे आहे. बैठकीत चौदा वर्षांची एक मुलगी असते आणि रक्तपाताची वर्णने आम्हा कोणालाच नको आहेत.

आणखी एक गोष्ट मनात आहे. सेलम आमच्यापासून अर्ध्या तासावर आहे. ऑक्टोबरमध्ये तिथे चेटकिणींच्या टोप्या घातलेल्या लोकांची गर्दी उसळते. पण 1692 साली चेटुकाच्या आरोपावरून तिथे एकोणीस माणसांना फासावर चढवले गेले, हे मला त्या गर्दीत विसरता येत नाही. या जागेची भीती गांभीर्याने हाताळणारे काही वाचायला मिळाले, तर ते मला हवे आहे.

संथवाचक

आपल्या शेवटच्या परिच्छेदाचे उत्तर आधी देतो, कारण ते आपल्या दाराशीच आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्न 1804 साली सेलममध्येच जन्मला आणि 1692 च्या खटल्यांतील एक न्यायाधीश, जॉन हॅथॉर्न, हा त्याचा पूर्वज होता. त्याची ‘यंग गुडमन ब्राउन’ ही कथा 1835 साली प्रसिद्ध झाली. सेलम गावातला एक तरुण नवरा सूर्यास्ताच्या वेळी बायकोचा निरोप घेऊन रानात शिरतो, वाटेत त्याला एक सोबती भेटतो आणि त्या रात्री त्याला जे दिसते, किंवा दिसल्यासारखे वाटते, त्यानंतर गावातल्या एकाही सज्जनाकडे त्याला पूर्वीच्या नजरेने पाहता येत नाही. त्या खटल्यांत ‘आरोपीची छाया येऊन मला छळते’ अशी साक्षसुद्धा ग्राह्य धरली जात होती, म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल पाहिलेले दुःस्वप्न पुरावा ठरत होते. ही पार्श्वभूमी मनात ठेवून कथा वाचली की तिच्यातली भीती रानातल्या अंधारापेक्षा शेजारधर्माच्या नासण्याची अधिक आहे, हे उमगते. तासाभरात ती वाचून होते आणि चौदा वर्षांच्या मुलीला ती निश्चित पेलेल.

ताण टिकवण्यासाठी माझा आग्रह असा आहे की बैठकीपूर्वी एकट्या वाचणाऱ्याने कथा पाहिलेली असावी आणि बाकीच्यांनी पाहिलेली नसावी. वाचणाऱ्याला कुठे थांबायचे हे माहीत असले पाहिजे. ऐकणाऱ्याला कुठे नेले जात आहे हे माहीत असता कामा नये. एडगर अ‍ॅलन पो याची ‘द फॉल ऑफ द हाउस ऑफ अशर’ ही कथा (1839) या पद्धतीने वाचून पाहा. तिचे पहिलेच वाक्य शरदातल्या एका मळभलेल्या, नि:शब्द दिवसाचे आहे आणि ते लांबलचक वाक्य घाई न करता वाचले, तर ते घर दिसण्याआधीच मन जड होते.

कादंबरी घ्यायचीच असेल तर ब्रॅम स्टोकर याची ‘ड्रॅक्युला’ (1897) घ्यावी, मात्र निराळ्या रीतीने. संपूर्ण कादंबरी रोजनिश्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांतील कात्रणांतून उलगडते आणि जवळजवळ प्रत्येक नोंदीवर तारीख आहे. सुरुवात 3 मे रोजी होते, तर मुख्य कथानक 6 नोव्हेंबरला संपते. सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा भाग प्रत्येकाने आधी वाचून ठेवावा आणि तिथून पुढची प्रत्येक नोंद त्या-त्या तारखेलाच वाचावी, एक पानही पुढे न जाता. मी एका शरदात हे केले आहे. ज्या दिवशी नोंदच नसते, त्या दिवशी त्या माणसांचे काय चालले असेल हा विचार कामावर असतानाही पाठ सोडत नाही. ही मंडळी जमवलेले सगळे कागद टंकलिखित करून तारखांच्या क्रमाने लावतात आणि त्यांच्याच आधारे शत्रूचा माग काढतात, हे या वाचनात फार स्पष्ट जाणवते. एवढे मात्र सांगून ठेवतो की काही प्रसंगांत रक्त आहे, त्यामुळे मुलीसाठी ही निवड करू नये.

मुंजाचा पार

मराठीतून निवडायचे म्हटले की नारायण धारप (1925–2008) आणि रत्नाकर मतकरी (1938–2020) ही दोन नावे आधी येतात, परंतु दोघांची वाट वेगळी आहे आणि ती लक्षात घेऊन बैठक आखावी. धारपांच्या कथेत अमानवी शक्ती खरोखरच असते. ती वाड्यात, तळघरात, रानात दबा धरून बसलेली असते आणि माणसाला तिच्याशी झुंजावे लागते. मतकरींच्या गूढकथेत दार उघडते ते बहुधा माणसाच्या मनातूनच. चाळीतली किंवा फ्लॅटमधली साधी माणसे, त्यांचा मत्सर, अपराधाची टोचणी, आणि मग एक लहानशी विपरीत गोष्ट. ‘खेकडा’ आणि ‘गहिरे पाणी’ ही पुस्तके मिळवा आणि वाचणाऱ्याला त्यांतली एक कथा निवडू द्या. मोठ्याने वाचण्यासाठी मी मतकरींना झुकते माप देईन, कारण ते नाटककार होते आणि त्यांचे संवाद तोंडात बसतात.

आपण न्यू इंग्लंडमध्ये राहता म्हणून एक जोडी सुचवतो. धारपांची ‘लुचाई’ ही कादंबरी स्टीफन किंगच्या ‘सालेम्स लॉट’वर (1975) बेतलेली आहे. किंगचे गाव मेन राज्यातले आहे, तर धारपांनी ते भय आपल्या मातीत आणून रुजवले. दोन्हींतले गावाच्या वर्णनाचे सुरुवातीचे भाग एका बैठकीत लागोपाठ वाचावेत. तिकडचे गाव आणि इकडचे गाव एकमेकांपासून कुठे वेगळे होते, एवढ्यावरच तासभर चर्चा होईल.

तिकडे वाढलेल्या मुलीला मुंजा, हडळ, चकवा हे शब्द कदाचित परके असतील. कथेच्या मध्येच थांबून अर्थ सांगू नका, त्याने सारा परिणाम विरतो. आधीच्या आठवड्यात गप्पांच्या ओघात सांगून ठेवा की मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो आणि चकवा लागला की माणूस रात्रभर चालूनही पुन्हा त्याच बांधावर येतो.

शेवटच्या शनिवारसाठी दिवाळी अंक मागवावा. का. र. मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शरदात नवे वाचन हाती घेण्याची आपली सवय पक्की झाली आणि त्या परंपरेत गूढकथांची जागा ‘धनंजय’ आणि ‘नवल’ या अंकांनी जिव्हाळ्याने सांभाळली. आपल्या भाषेतही भयकथेला शरदाचाच हंगाम लाभला आहे, असे मी म्हणेन.

कोकणगाज

वरच्या दोन्ही प्रतिसादांतून मला पुष्कळ मिळाले, तरी एका सूचनेशी मी सहमत नाही. मूळ कादंबरी आणि तिच्यावर बेतलेली कादंबरी शेजारी-शेजारी ठेवली की बैठक तुलनेत गुंतते आणि भीती बाजूला राहते. ते काम घरी एकट्याने करावे.

त्याऐवजी वेताळपंचविशी घ्या. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या कथासरित्सागरात ती आहे आणि तिच्या मराठी आवृत्त्या सहज मिळतात. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याचे मस्तक फुटेल, आणि बोलला तर खांद्यावरचे प्रेत निसटून पुन्हा झाडाला लटकेल, या एका अटीवर सगळा ताण उभा आहे. वाचणाऱ्याने वेताळाच्या प्रश्नापाशी पुस्तक मिटावे, प्रत्येकाला उत्तर द्यायला लावावे आणि मगच राजाचा न्याय वाचावा. आमच्या घरी हे करत असू, तेव्हा माझी आजी राजाचा न्याय क्वचितच मान्य करत असे आणि त्यावरून रात्री उशिरापर्यंत वाद चालत असे.

पहिल्या शनिवारबद्दल थोडे सांगावेसे वाटते. तो पितृपक्ष संपल्याबरोबर येतो. ज्या दिवसांत आपण गेलेल्यांना जेवू घालतो, त्यांच्या लगतच ‘भूत’ या शब्दाने केवळ दचकवणे माझ्या मनाला पटत नाही. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे तोंड करून यमदीप लावतो, तोही याच ऋतूत. आमच्याकडे वेशीवरचा देवचार रात्री राखण करतो, असे मानणारी माणसे अजून आहेत. चपलांचा आवाज ऐकला तर ती घाबरण्याऐवजी नमस्कार करतात. म्हणून आरंभ अशा आठवणींनी करावा. प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली एकेक गोष्ट, गावाच्या, विहिरीच्या, झाडाच्या खऱ्या नावासकट, सांगावी. पार, विहीर, साकव यांची नावे आली की ऐकणाऱ्याला पळायला जागा उरत नाही, हे मी लहानपणी पुष्कळदा अनुभवले आहे.

सुपारीफूल

आपण तिघांनीही इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री सर्वांशी बोलून घेतले. पहिल्या शनिवारी घरोघरच्या गोष्टी. त्यासाठी रत्नागिरीला माझ्या आत्याला फोन करून आमच्या आगरातल्या विहिरीची गोष्ट पुन्हा नीट ऐकून घेतली आणि ती लिहूनही ठेवली. दुसऱ्या शनिवारी हॉथॉर्न, आणि त्याच दिवशी दुपारी सेलममधल्या स्मारकापाशी, जिथे मृतांची नावे दगडी बाकांवर कोरलेली आहेत, तिथे थोडा वेळ बसून मग घरी येऊन वाचायचे. तिसऱ्या शनिवारी मतकरींची एक कथा आणि वेताळाचे दोन प्रश्न. चौथ्यासाठी दिवाळी अंक वेळेत पोहोचला तर उत्तम, नाहीतर ‘अशर’ हाताशी आहेच. ‘ड्रॅक्युला’ तारखांप्रमाणे वाचायला आम्ही तिघे मोठे तयार झालो आहोत.

एकच शंका उरली आहे. वेताळाचा प्रश्न वाचून पुस्तक मिटल्यावर उत्तरासाठी किती वेळ द्यावा? कोकणगाज, आपल्या आजींची काही पद्धत असेल तर ती कृपया कळवावी.

कोकणगाज

आजी कंदिलाची वात थोडी खाली करत असे आणि ती पुन्हा वर करेपर्यंत जो बोलेल त्याचेच उत्तर धरत असे. आपल्याकडे दिवा मंद करायची सोय असेल तर तसेच करून पाहा. पहिले उत्तर मात्र सर्वांत लहान व्यक्तीने द्यायचे, हा तिचा नियम होता.