पॅथॉलॉजीच्या स्लाइड ओळखता येईनात, प्रॅक्टिकल तीन आठवड्यांवर आलंय

राजारामपुरी_बारावी_गल्ली

नमस्कार मंडळी. मी सेकंड एमबीबीएसला आहे, कोल्हापुरातच. पॅथॉलॉजीची थिअरी जमते मला, नेक्रोसिसचे, म्हणजे शरीरातल्या पेशी मरण्याचे, प्रकार झोपेत विचारले तरी सांगेन, पण मायक्रोस्कोपखाली स्लाइड ठेवली की डोळ्यापुढं नुसता गुलाबी-निळा काला. मागच्या इंटर्नलला दहा स्पॉटर, म्हणजे बघून ओळखायच्या स्लाइड, होते, चार बरोबर आले.

खरं सांगते, मी स्लाइड पाठ केल्या होत्या त्या भलत्याच खुणांवरनं. आमच्या सेटमधल्या किडनीच्या स्लाइडचा कोपरा टवका उडालेला, फॅटी लिव्हरवर पेनचा ठिपका, टीबीच्या लिम्फ नोडवर (लसीकेच्या गाठीवर) मधोमध हवेचा बुडबुडा. सगळा वर्ग असाच करतो. परीक्षेला दुसरा सेट लावला आणि संपलं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, सरांनी शांतपणे विचारलं, "हे कशावरनं किडनी म्हणतेस?" आणि मला एक शब्द फुटला नाही. घरी येऊन लई रडले.

मुख्य घोळ तीन ठिकाणी होतो. कोअॅग्युलेटिव्ह आणि केसिअस नेक्रोसिस दोन्ही मला गुलाबीच दिसतात. हार्टचं इन्फार्क्ट, म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, कितव्या दिवसाचं ते कळत नाही. आणि फॅटी लिव्हरमध्ये फॅट म्हणतात पण मला तर नुसती भोकं दिसतात. कुणीतरी नीट सांगा.

खासबाग_रेसिडेंट

ताई, पहिलं म्हणजे रडू नको, पॅथॉलॉजीत पीजी करणारे आम्ही बरेच जण सेकंड इयरला ह्याच घोळात होतो.

स्लाइड हातात आली की आधी मायक्रोस्कोपवर ठेवायचीच नाही. पांढऱ्या कागदावर धरून नुसत्या डोळ्यांनी बघ, सलग तुकडा आहे का, मधे पोकळी आहे का, एका बाजूला कड जास्त निळी आहे का. मग ४ चं लेन्स, मग १०, आणि ४० वर सगळ्यात शेवटी. तुम्ही पोरं थेट ४० लावता आणि हरवता, रंकाळ्याच्या पाण्याला नाक लावून तलाव केवढा ते कळत नाही तसं आहे ते.

४ वर एकच प्रश्न, हा अवयव कुठला. ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारा केशवाहिन्यांचा गोल गुंता, दिसला, किडनी. तिथं पक्कं झाल्याशिवाय रोगाचं नाव तोंडातनं काढायचं नाही. मग बिघाड कुठं आहे, सगळीकडं का एकाच भागात, आणि मग कसला.

आता तुझं गुलाबी. कोअॅग्युलेटिव्हमध्ये वाडा उभा असतो आणि आतला दिवा गेलेला असतो. पेशीची बाह्यरेषा, ट्यूब्युलचा (किडनीतल्या बारीक नळीचा) आकार, सगळं ओळखू येतं, फक्त न्यूक्लियस, म्हणजे पेशीचं केंद्रक, पुसलेला. कारण रक्तपुरवठा तुटल्यावर पेशीतली प्रोटीनं गोठतात आणि त्यात पेशीला पचवणारी एन्झाइमंसुद्धा निकामी होतात, म्हणून सांगाडा काही दिवस टिकतो. किडनी, हार्ट, स्प्लीनचं इन्फार्क्ट म्हणजे हे. केसिअसमध्ये वाडाच पडलेला असतो. मधे रवाळ गुलाबी ढिगारा, कुठली पेशी कुठं होती काही समजत नाही, भोवती एपिथेलिऑइड पेशी (रूप बदललेले मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी), घोड्याच्या नालासारखी न्यूक्लियसांची रांग लागलेली लँगहॅन्स जायंट सेल, बाहेरनं लिम्फोसाइट ह्या पांढऱ्या पेशींचं कडं. मधला गुलाबी भाग बघत बसू नको, त्याची कड बघ, उत्तर कडेला असतं.

हार्टचं म्हणशील तर दिवस पाठ करण्यापेक्षा कोण कुणाच्या मागनं येतं ते लक्षात ठेव. पहिले ४ तास साध्या मायक्रोस्कोपला जवळपास काहीच दिसत नाही. मग फायबर गुलाबी व्हायला लागतात, कडेला लाटांसारखे दिसतात. १ ते ३ दिवसांत न्यूट्रोफिल, म्हणजे सुजेत आधी धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरतात. ३ ते ७ मध्ये मॅक्रोफेज येऊन मेलेले फायबर उचलायला लागतात. ७ ते १० ला ग्रॅन्युलेशन टिशू, म्हणजे जखम भरणारा नवा भाग, दिसायला लागतो, आणि पक्का पांढरा व्रण व्हायला दोन महिने लागतात. हार्टची भिंत फाटण्याचा धोका त्या ३ ते ७ दिवसांत सगळ्यात जास्त, कारण जुनं उचललं गेलंय आणि नवीन अजून बसलेलं नाही. हे एकदा समजलं की स्लाइडवर न्यूट्रोफिल दिसले काय आणि मॅक्रोफेज दिसले काय, दिवस आपोआप तोंडात येतो.

मायक्रोटोमवाले_काका

बाळा, मी डॉक्टर न्हवं. हिस्टोच्या, म्हणजे स्लाइड बनवायच्या, लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली, आता रिटायर हाय. भोकांचं मी सांगतो.

अवयवाचा तुकडा आधी १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडतो, त्यानं तो सडत नाही. मग चढत्या क्रमानं अल्कोहोल, पाणी सगळं काढायचं, मग झायलीन हे द्रावण, मग साधारण ६० डिग्रीचं वितळलेलं मेण. मेणाचा ठोकळा झाला की मायक्रोटोमवर (पातळ काप घ्यायच्या यंत्रावर) ४-५ मायक्रॉनचा काप, कोमट पाण्यावर तरंगवायचा, काचेवर उचलायचा आणि रंगवायचा. हिमॅटॉक्सिलिननं न्यूक्लियस निळा, इओसिननं बाकीचं गुलाबी. आता ह्यात अल्कोहोल आणि झायलीन चरबी धुऊन नेतात. म्हणून लिव्हरच्या पेशीत फॅटच्या जागी गोल रिकामी जागा राहती. तुला भोक दिसतंय ते बरोबरच दिसतंय, तुझा डोळा चुकत नाही. चरबीच दाखवायची असली तर तुकडा गोठवून फ्रोझन सेक्शन घ्यायचं आणि ऑइल रेड ओ हा चरबीचा रंग लावायचा, थेंब लालभडक दिसतात.

रंगावर तर कधीच जाऊ नको. जादा रंग काढायच्या अॅसिड अल्कोहोलमध्ये दोन बुडक्या जास्त झाल्या की निळा फिका पडतो. एकच ठोकळा सोमवारी रंगवला आणि शुक्रवारी रंगवला तर दोन बहिणींसारखा दिसतो, जुळ्यांसारखा नाही.

अजून एक. तुकडा उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेला तर तो आपोआप सडायला लागतो, त्याला ऑटोलिसिस म्हणतात, आणि तेही न्यूक्लियस गेलेलं गुलाबीच दिसतं. फरक एवढाच बघायचा की भोवती सूज हाय का, न्यूट्रोफिल आलेत का. जिवंत शरीरात पेशी मेली तर बाकीचं शरीर धावून येतं. शरीर गेल्यावर कोण येणार? मी कितीतरी वेळा उशिरा आलेल्या डब्यांवर वेळ लिहून ठेवायचो, कारण आमच्या हातनं झालेला उशीर पुढं रोग म्हणून वाचला जाऊ नये.

इंटर्न_शाहूपुरी

काकांचं उत्तर सेव्ह करून ठेवलं. मी काय केलेलं ते सांगतो, मटणाच्या दुकानातनं बकऱ्याची किडनी आणि काळजाचा तुकडा आणला, घरात आईला आधी सांगून, आणि उभा काप घेतला. बाहेरचा कॉर्टेक्स, आतला मेड्युला हातानं बघितल्यावर स्लाइडवर आपण कुठं उभं आहे ते कळायला लागलं. आणि रोज दोन स्लाइड वहीत काढायच्या, एचअँडई पेन्सिलनं (हिमॅटॉक्सिलिन-इओसिनच्या निळ्या-गुलाबी रंगांच्या), पुस्तकातलं चित्र उतरवायचं नाही, लेन्समध्ये दिसतं तेच काढायचं.

परीक्षक_म्हणून_बसलेला

मी शिकवतो, आणि बऱ्याच वर्षांपासून परीक्षा घेतोय. मुलांना वाटतं नाव चुकलं की सगळं गेलं, पण आमच्या टेबलावर व्हायव्हाचे मार्क "कशावरनं" ह्या शब्दाला जास्त असतात. "सर, ग्लोमेरुलाय दिसतायत म्हणून किडनी, ट्यूब्युलच्या बाह्यरेषा आहेत पण न्यूक्लियस नाहीत, कडेला न्यूट्रोफिल आहेत, म्हणून इन्फार्क्ट", एवढं सलग बोललीस की मी पुढचं विचारत नाही.

पण ह्यात आमची पण चूक आहे आणि ती मला मनापासून टोचते. तोच सेट, तेच बुडबुडे, तेच ठिपके वर्षानुवर्षं लावत राहिलं तर मुलं ठिपकेच शिकणार. हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीला स्टेशन लावून परीक्षा घ्यायची, ओएसपीई ह्या प्रॅक्टिकल परीक्षेची मूळ पद्धत मांडली ती ह्याचसाठी की सगळ्यांना सारखे प्रश्न आणि ठरलेल्या चेकलिस्टनं मार्क मिळावेत. स्लाइडसोबत दोन ओळींची हिस्टरी दिली, "५५ वर्षांचा पुरुष, छातीत दुखून पाचव्या दिवशी मृत्यू", तर मूल विचार करून उत्तर देतं. मी आमच्याकडं हे सुरू केलंय, आणि दर वर्षी निम्मे ठोकळे नवीन कापून घेतो. काकांसारखी माणसं लॅबमध्ये असली तरच ते शक्य होतं, हेही सांगतो.

राजारामपुरी_बारावी_गल्ली

सगळ्यांना मनापासून थँक्यू. आज लॅब सुटल्यावर तासभर थांबले, मैत्रिणीला सांगितलं की लेबलवर पट्टी चिकटवून दुसऱ्या सेटमधली कुठलीही स्लाइड दे. ४ वर किडनी लगेच आली, आणि इन्फार्क्ट पण आलं, मी मोठ्यानं "कशावरनं" ते बोलत होते. आठातल्या सहा. पण लंगच्या एका स्लाइडला तपकिरी कण होते, मी हार्ट फेल्युअर सेल (हार्ट कमजोर पडल्यावर लंगमध्ये दिसणारे, रक्तातलं लोह साठलेले मॅक्रोफेज) म्हटलं आणि मैत्रीण म्हणाली फॉर्मॅलिनचा डाग आहे. काका, हे कसं ओळखायचं?

मायक्रोटोमवाले_काका

कण कुठं हाय ते बघ बाळा. अल्व्हिओलसमधल्या (लंगमधल्या हवेच्या पिशवीतल्या) मॅक्रोफेजच्या पोटात सोनेरी-तपकिरी असला तर हिमोसिडरिन, म्हणजे रक्तातल्या लोहाचा साठा. काळपट कण रक्ताच्या आसपास पेशींच्या वर कसाही विखुरलेला असला तर बहुतेक फॉर्मॅलिन. खात्री करायची तर पर्ल्स स्टेन हा लोहाचा रंग लाव, हिमोसिडरिनमधलं लोह निळं होतं, फॉर्मॅलिनचं पिगमेंट होत नाही. उद्या परत लाव ती स्लाइड, फोकस बारीक वर-खाली करून बघ, कण पेशीच्या आतल्या थरात हाय का वरच्या, ते कळंल.